निनावी मारेकऱ्याचे शंभर दिवस : रँडचा खून आणि त्याचे पडसाद

१/
२२ जून १८९७, मंगळवारची रात्र. पुण्याजवळ गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याचा समारंभ सुरू होता. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर अंधारातून एक जण धावत आला, एका बग्गीवर मागून चढला आणि आत बसलेल्या अधिकाऱ्यावर त्याने गोळी झाडली. मागून येणाऱ्या दुसऱ्या बग्गीवरही गोळी चालली. दुसऱ्या बग्गीतील लेफ्टनंट चार्ल्स आयर्स्ट तत्काळ गतप्राण झाले. पहिल्या बग्गीतील वॉल्टर चार्ल्स रँड हे जखमी अवस्थेत ससून रुग्णालयात पडून होते. ३ जुलैला त्यांचा मृत्यू झाला.

२/
या गोळ्या चापेकर बंधूंनी झाडल्या, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच एक गोष्ट सहज निसटते : त्या रात्री, आणि त्यानंतरचे शंभराहून अधिक दिवस, हे नाव सरकारला ठाऊक नव्हते. मारेकरी निनावी होता. सरकारने, इंग्रजी पत्रांनी, पुढाऱ्यांनी त्या रिकाम्या जागी आपापल्या मनातले उत्तर भरले. अटका झाल्या, माफीनामे लिहिले गेले, राजद्रोहाचा गाजलेला खटला चालला. हे सारे मारेकरी सापडण्याच्या आधी घडले. हा धागा त्या शंभर दिवसांविषयी आहे.

३/
पार्श्वभूमी प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी या रोगाचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्याने सरकारला साथीच्या काळात वाटेल ते नियम करण्याची मुभा दिली आणि सद्हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षणही दिले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत देशभर वापरला गेला तो हाच कायदा.

४/
पुण्यात या कायद्याची अंमलबजावणी रँड यांच्याकडे आली. ते सनदी अधिकारी होते आणि त्याआधी सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होते. वाईत मशिदीसमोर वाद्ये वाजवण्याच्या वादात त्यांनी तेथील प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडले होते, त्यामुळे त्यांचे नाव पुण्यात आधीच कडवटपणे घेतले जाई. त्यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी लष्कर बोलावले. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या आणि देशी शिपायांच्या तुकड्या पुण्याच्या पेठा एकामागून एक पिंजून काढत होत्या.

५/
झडतीची पद्धत ठरलेली होती. पहाटे पेठेला वेढा पडे. शिपाई घरोघर शिरत. दार बंद असल्यास ते फोडले जाई. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कुठेच मज्जाव नव्हता. रोगी आढळला की त्याची रवानगी रुग्णालयात आणि घरातल्या इतरांची विलगीकरणाच्या छावणीत होई. घरातले सामान जाळले जाई, जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई. काखेत वा जांघेत गाठ आहे का, हे पाहण्यासाठी स्त्रियांनाही चारचौघांत तपासले जात असल्याच्या तक्रारी झाल्या. सोवळे, पडदा आणि घराचा उंबरठा ज्या समाजात प्रतिष्ठेचे मापदंड होते, तिथे या झडतीचा अर्थ वैद्यकीय उरला नाही.

६/
यातला विदारक भाग असा की हा सारा खटाटोप चुकीच्या समजुतीवर उभा होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला गेला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. उंदरांवरच्या पिसवांमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये मांडले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. घर, जमीन, कपडे आणि स्पर्श हीच रोगाची वाहने मानून रँड समिती लढत होती. तिच्या हाती अधिकार अमर्याद होते आणि ज्ञान अपुरे. सरकारी अहवालांनी शिपायांच्या शिस्तीची प्रशंसा केली. शहराच्या आठवणीत मात्र फुटलेली दारे राहिली.

७/
तरीही पुणे प्लेगच्या उपायांविरुद्ध एकमुखाने उभे होते, असे म्हणणे चूक ठरेल. रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला टिळकांचा विरोध नव्हता. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. शहराबाहेर हडपसरच्या परिसरात डॉ. यशवंत फुले रोग्यांवर उपचार करत होते. त्यांच्या सोबतीने शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. राग होता तो उपायांच्या रीतीवर, आणि तक्रार ऐकून न घेण्याच्या वृत्तीवर.

८/
तक्रारी करणारे एकाच पंथाचे नव्हते. सनातनी गटातील सरदार बाळासाहेब नातू यांनी शिपायांच्या वर्तनाविरुद्ध अर्ज केले. दुसऱ्या टोकाला असलेल्या, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई यांनीही प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले. एरवी ज्यांचे एकमेकांशी एका वाक्यावरही एकमत झाले नसते, अशी ही माणसे. तरीही अधिकाऱ्यांच्या दृष्टीने बहुतेक तक्रारी अतिरंजित वा खोट्या ठरल्या. मे महिन्यात साथ ओसरली, झडत्या थांबल्या, शिपाई बराकींत परतले. राग मात्र तसाच धुमसत राहिला.

९/
अशा वातावरणात जूनच्या मध्यावर पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात अफझलखानाच्या वधाची नैतिक चिकित्सा करणारी भाषणे झाली. १५ जूनच्या ‘केसरी’त या भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या मुखातून देशाच्या दुर्दशेविषयी खेद व्यक्त करणारी एक कविता छापून आली. अंक बाहेर पडला तेव्हा सरकारने त्यावर कोणतीही कारवाई केली नाही. बरोबर आठवड्याने गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच छापील ओळींचा अर्थ एका रात्रीत बदलला. कालपर्यंत जे उत्सवाचे वर्णन होते, ते आता पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले.

१०/
सरकारची पहिली प्रतिक्रिया संपूर्ण शहराला जबाबदार धरण्याची होती. मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्यास २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले; त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. कलेक्टरांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना कडक शब्दांत समज दिली. शहरावर जादा पोलिस बसवण्यात आले आणि त्यांचा खर्च नागरिकांकडून वसूल करण्याचे ठरले. या शिक्षा-पोलिसांमागचे गृहीतक उघड होते : खून एखाद्या व्यक्तीने केलेला असो वा टोळीने, त्याचे बीज शहराच्या मनात आहे. नाव सापडेपर्यंत सगळे पुणे संशयित ठरले.

११/
मुंबईतील इंग्रजी पत्रांनी त्या रिकाम्या जागी आणखी नेमके नाव भरले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली, त्यांत ‘केसरी’तील उतारे देऊन खुनाचा संबंध मराठी वृत्तपत्रांशी जोडण्यात आला. पुण्याचे ब्राह्मण, पेशवाई गमावल्याची त्यांची सल, मराठी पत्रे आणि शिवोत्सव अशी एक साखळी तयार झाली. १८५७ चा उठाव अजून हयात माणसांच्या आठवणीत होता, वासुदेव बळवंत फडक्यांचे १८७९ चे बंड तर ताजेच होते. त्यामुळे गुप्त कटाच्या कथेला पुराव्याची फारशी गरज भासली नाही. भीतीने तयार केलेली कथा पुराव्यापेक्षा वेगाने पसरली.

१२/
‘केसरी’ची भूमिका दुपेडी होती. खुनाबद्दल तिथे खेद व्यक्त झाला. पण एका अज्ञाताच्या कृत्यासाठी शहराला आणि वृत्तपत्रांना दंड करण्याच्या धोरणावर जुलै महिन्यात एकापाठोपाठ एक कडाडून हल्ले झाले. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ ही या अग्रलेखांची शीर्षके आजही सर्वांच्या तोंडी आहेत. ती बहुतेकदा रँड यांच्या प्लेग कारभाराविरुद्धची म्हणून सांगितली जातात. प्रत्यक्षात ती खुनानंतरच्या सरकारी प्रतिक्रियेविरुद्धची आहेत. हा कालक्रम ध्यानात घेतला की त्यांची धार कुणावर होती, हे स्पष्ट होते.

१३/
या शंभर दिवसांत सर्वांत मोठी वैयक्तिक किंमत कुणी मोजली असेल, तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. वेल्बी आयोगासमोर साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडमध्ये होते, तेव्हा पुण्याहून त्यांना आलेल्या पत्रांत शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. त्या भरवशावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’कडे हे आरोप जाहीरपणे मांडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली आणि पुरावा मागण्यात आला. जुलैअखेर गोखले मुंबईत उतरले, तेव्हा पुण्यातील वातावरण पूर्ण बदललेले होते. आरोप सिद्ध करण्यासाठी उघडपणे पुढे येईल असे कुणी उरले नव्हते.

१४/
ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतले आणि सरकारची तशीच लष्कराचीही जाहीर माफी मागितली. पत्रलेखकांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. इंग्रजी पत्रांनी त्यांची खोटारडे म्हणून, तर स्वकीयांतील अनेकांनी भेकड म्हणून संभावना केली. हा डाग पुसायला त्यांना बरीच वर्षे लागली. या प्रसंगाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. आरोप सिद्ध झाले नाहीत, म्हणजे ते निराधार होते असे म्हणता येत नाही. आणि ते खरेच होते असेही म्हणता येत नाही. खुनाने एक गोष्ट मात्र नक्की साधली : शिपायांच्या वर्तनाची निष्पक्ष चौकशी होण्याची उरलीसुरली शक्यता संपली. आता तक्रार करणे म्हणजे मारेकऱ्याची बाजू घेणे ठरू लागले.

१५/
२७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. दुसऱ्याच दिवशी बाळासाहेब आणि तात्यासाहेब या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. या रेग्युलेशनची सोय अशी की त्यात ना आरोपपत्र लागे, ना खटला. कोणत्याही न्यायालयासमोर उभे न करता नातू बंधूंना १८९९ पर्यंत स्थानबद्ध ठेवण्यात आले. खुनाशी त्यांचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही. प्लेगच्या काळात तक्रारींचे अर्ज करणारे घराणे ते हेच, ही गोष्ट पुणेकरांच्या नजरेतून सुटली नाही.

१६/
टिळकांवर खुनाचा आरोप नव्हताच. भारतीय दंडविधानाच्या १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्याचा आधार होता १५ जूनचा तो अंक. न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे सुनावणी झाली. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या दिवशीही रँड यांचा मारेकरी कोण, याचे उत्तर सरकारकडे नव्हते.

१७/
या खटल्यातून निघालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे एका शब्दाची व्याख्या. सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे काय, हे ज्युरीला समजावताना न्या. स्ट्रॅची यांनी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, इतका विस्तृत अर्थ लावला. प्रत्यक्ष बंडाची चिथावणी असण्याची गरज नाही. मनात द्वेष उत्पन्न करण्याचा प्रयत्न पुरेसा. वाईचे ‘मोदवृत्त’, इस्लामपूरचे ‘प्रतोद’ अशा लहान पत्रांवरही खटले झाले. १८९८ मध्ये कलमात दुरुस्ती करून हा व्यापक अर्थ कायद्यातच बसवण्यात आला, आणि दोन वर्गांत वैर पसरवण्याविषयीचे १५३-अ कलमही त्याच सुमारास आले.

१८/
या कलमाचा पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. १९०८ मध्ये टिळकांना त्याखाली पुन्हा शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. १९२२ मध्ये अहमदाबादेत महात्मा गांधींना त्याच कलमाखाली शिक्षा झाली. स्वातंत्र्यानंतरही ते कायद्यात टिकले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला. एका रात्रीच्या दोन गोळ्यांवरची सरकारी प्रतिक्रिया गोळ्या झाडणाऱ्यांपेक्षा आणि ती व्यक्त करणाऱ्या सरकारपेक्षाही दीर्घायुषी ठरली.

१९/
पुण्याबाहेरचे पडसाद निराळे होते. टिळकांच्या बचावासाठी बंगालमध्ये निधी जमवण्यात आला आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. तोवर प्रामुख्याने मुंबई इलाख्यापुरते मर्यादित असलेले टिळकांचे नाव या खटल्याने देशभर पोहोचवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीला चेट्टूर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी तिथे टिळकांच्या कारावासाबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले. प्रांतोप्रांतीच्या सुशिक्षितांना एकत्र आणण्याचे काम मारेकऱ्यांनी केले नाही. ते दडपशाहीने केले. टिळकांची मुदतीआधी, सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली तेव्हा त्यांच्या दर्शनाला पुण्यात लोकांची रीघ लागली.

२०/
आणि सामान्य पुणेकर? त्यांच्या प्रतिक्रियेविषयी सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत कमी पुरावा हाती असतो. इतके मोठे बक्षीस असूनही तीन महिने कुणी पुढे आले नाही, एवढेच ठामपणे सांगता येते. पुढच्या काळात या मौनाला मूक पाठिंबा म्हटले गेले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी तेच मौन संगनमत म्हणून वाचले. दोन्ही वाचने सोयीची आहेत. लोकांना खरोखर काही ठाऊक नसेल, पोलिसांची भीती असेल, कुणाला समाधान वाटले असेल, कुणाला धास्ती. मौनाला साक्षीला बोलावणे सोपे असते. त्याची उलटतपासणी घेता येत नाही.

२१/
धागा सापडला तो तुरुंगात. फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या गणेश शंकर द्रविड याने तपास अधिकारी ब्रूइन यांना चापेकरांचे नाव सांगितले. मूळच्या चिंचवडच्या हरिपंत चापेकर या कीर्तनकारांचे थोरले चिरंजीव दामोदर यांना पकडण्यात आले. ८ ऑक्टोबर १८९७ रोजी नोंदवलेल्या जबानीत त्यांनी खुनाची कबुली दिली. रँड यांच्यावर दामोदर यांनी, तर आयर्स्ट यांच्यावर धाकटे बंधू बाळकृष्ण यांनी गोळी झाडली होती. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात निसटले होते. शंभराहून अधिक दिवस रिकामी राहिलेली जागा अखेर भरली.

२२/
परंतु जे नाव सापडले, ते कुणाच्याच कथेत नीट बसत नव्हते. हा इंग्रजी शिकलेल्या वकील-प्राध्यापकांचा कट नव्हता. दामोदर आणि त्यांच्या भावांनी कुणाही पुढाऱ्याच्या आज्ञेविना तालीम आणि शस्त्रांचा नाद जोपासला होता. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातल्याचेही दामोदर यांनी सांगितले. तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या आत्मवृत्तात झडतीतील विटंबनेचा संताप आहे. त्याचबरोबर समाजसुधारकांविषयी आणि धर्मांतरितांविषयी तीव्र द्वेष आहे, काँग्रेसच्या भाषणबाजीचा तिटकारा आहे. टिळकही त्यांच्या कसोटीवर पूर्ण उतरत नाहीत. ज्या पुढाऱ्यांना सरकार सूत्रधार समजत होते, त्यांना दामोदर कृतिशून्य समजत होते.

२३/
१८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात दामोदर यांना फाशी झाली. प्रकरण तिथे थांबले नाही. ८ फेब्रुवारी १८९९ च्या संध्याकाळी धाकटे चापेकर वासुदेव आणि त्यांचे मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. मे १८९९ मध्ये वासुदेव, रानडे आणि तोवर पकडले गेलेले बाळकृष्ण हे एकामागून एक फासावर गेले. एका आईचे तीनही मुलगे गेले. या दुसऱ्या हत्येत मरणारे आणि मारणारे एकाच शहराचे होते, एकमेकांच्या ओळखीचे होते. साम्राज्याविरुद्ध सुरू झालेली हिंसा आपल्याच गल्लीत येऊन पोहोचली होती.

२४/
यानंतर बदलत गेला तो शब्द. न्यायालयाच्या कागदांत ही घटना ‘खून’ होती. पुढच्या मराठी लेखनात ती ‘रँडवध’ झाली. वध हा शब्द मराठीत कंसाचा, कीचकाचा, अफझलखानाचा. त्यात कृत्याबरोबर निवाडाही येतो. भगूरच्या किशोरवयीन विनायक सावरकरांनी चापेकरांच्या फाशीने अस्वस्थ होऊन कुलदेवतेपुढे शपथ घेतल्याचे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. १९७९ मध्ये नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट काढला. चिंचवडच्या चौकाला चापेकरांचे नाव आहे. निनावी मारेकऱ्यापासून हुतात्म्यापर्यंतचा हा प्रवास पुढच्या पिढ्यांची प्रतिक्रिया आहे, आणि तिचाही इतिहास असतो.

२५/
या प्रवासात काही जण गाळले गेले. लेफ्टनंट आयर्स्ट यांचे नाव फार थोड्यांना आठवते. नातू बंधूंची विनाचौकशी कैद पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीपुरतीही उरलेली नाही. आणि ज्याच्यापासून सारे सुरू झाले, तो प्लेग त्याच वर्षी पावसाळ्यानंतर अधिक जोमाने पुण्यात परतला. गोळ्यांनी साथ थांबली नाही, तशी ती घरझडत्यांनीही थांबली नव्हती. सक्तीने रोग आवरत नाही, उलट लोक रोगी लपवतात, हे सरकारलाही हळूहळू उमगले आणि पुढच्या काही वर्षांत सक्ती सैल होत गेली. मधल्या काळात मेलेल्यांची नावे कोणत्याही चौकात नाहीत.

२६/
राजकीय हत्या झाली की पहिला प्रश्न येतो ‘कुणी केली?’ आणि त्याचे उत्तर मिळण्याआधीच समाज दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन मोकळा होतो : ‘हे कुणामुळे झाले?’ १८९७ च्या त्या शंभर दिवसांत दिलेली उत्तरे मारेकऱ्याविषयी फार थोडे सांगतात. सरकारला कशाची भीती होती, इंग्रजी पत्रांना कुणाचा राग होता, पुढाऱ्यांना आपापल्या निष्ठेचा पुरावा कुठवर द्यावा लागत होता, हे मात्र ती लख्ख दाखवतात. खरे नाव ऑक्टोबरमध्ये हाती आले. पण तोवर टिळक तुरुंगात होते, नातू स्थानबद्ध होते, गोखल्यांचा माफीनामा छापून झाला होता. ते नाव कळल्यावरही यातला एकही निर्णय मागे घेतला गेला नाही.

(धागा समाप्त)